निनावी कविता

प्रवेशाच्या मुलाखतींचा दुसरा दिवस उजाडला, तरी डॉ. ऑब्री विनस्टॉकला अजून एकही माणूस भेटला नव्हता. भेटली होती ती नुसती इस्त्री केलेली पोरं. कवितेत गुलाब आला की यांना प्रेम दिसायचं आणि सावली आली की मरण. मास्तरांनी पढवलेलं ओकायचं, आणि वर हसून आभार मानायचे.

कॉलेजची रीत जुनी होती. उमेदवाराला कवितेचा एक कागद द्यायचा. त्यावर कवीचं नाव नाही, साल नाही. त्यानं बाहेरच्या बाकावर बसून ती वाचायची आणि मग आत येऊन दोन प्राध्यापकांपुढे ओळ न् ओळ उलगडायची. ऑब्रीचा जन्म सतराव्या शतकातल्या प्रेमकविता वाचण्यात गेला होता. त्यांतला प्रियकर वकिलासारखा वाद घालतो आणि एका चुंबनासाठी ग्रहगोलांना साक्षीला बोलावतो. आज मात्र त्यानं बाहेर धाडलेली कविता त्या शतकातली नव्हती. ती त्याची स्वतःची होती.

तरुणपणी त्यानं ती मार्जरी कीनसाठी लिहिली होती. तिलाही ती अशीच दिली होती, नाव न घालता. ‘कुठल्या काळातली असेल, वाचून सांग बघू,’ एवढंच म्हणाला होता. मार्जरीनं वाचून सांगितलं. काळ सतराव्या शतकाचा मध्य, दर्जा बेताचा, असं दोन पानी टिपण लिहून दिलं. तेव्हापासून आजवर एकाच विभागात शिकवताना ऑब्रीनं तिला मनातल्या मनात ढ ठरवून टाकलं होतं. समोरचा माणूस जिला वाचता येत नाही ती कविता काय वाचणार?

येत्या उन्हाळ्यात ती निवृत्त होणार होती. आत्ता त्याच्या शेजारी, उबेसाठी गॅसच्या शेगडीकडे पाय करून बसली होती. ती जायच्या आधी कुणीतरी ही कविता तिच्यादेखत नीट वाचून दाखवावी, एवढंच त्याला हवं होतं.

टॅम्सिन ग्रीव्ह आत आली. लांबच्या ग्रिम्सबी गावातल्या एका दंतवैद्याची मुलगी. तिचं नाक सर्दीनं लाल झालं होतं.

“बोला, मिस ग्रीव्ह,” ऑब्री म्हणाला. “काय दिसलं?”

“खरं सांगू?”

“नाहीतर इतक्या लांब कशाला आलात?”

“भंगार आहे ही.”

मार्जरीनं चहाचा कप खाली ठेवला. “कशावरून?”

“यात प्रियकर आहे सावलीचं घड्याळ आणि बाई आहे सूर्य. तू डोक्यावर येऊन थांब, म्हणजे माझी सावली माझ्यातच मिटेल आणि आपण एक होऊ, असं म्हणतो. कल्पना झकास. पण सगळीकडे घड्याळच बोलतंय. त्याला सूर्य हवा कशाला? तर आपण बरोबर वेळ दाखवतो, हे लोकांना कळावं म्हणून.” तिनं नाक शिंकरलं. “आणि जुनी नाहीये ही. कुणीतरी जुनी दिसावी म्हणून केलीय.”

“ते कसं ठरवलंत?” ऑब्रीचा आवाज चढला.

“ते जुने कवी कितीही शहाणपणा करू देत, त्यांचं अर्धं लक्ष बाईच्या तोंडाकडे असतं. ही उठून गेली तर, नाही म्हणाली तर? म्हणून तर एवढे वाद घालतात. ह्याला ती भीतीच नाही. ह्याला बाई नकोय, सर. ह्याला गुण हवेत.”

“झालं?”

“एवढंच आहे त्यात,” असं म्हणून तिनं कागद टेबलावर ठेवला आणि ती गेली.

शेगडी फुरफुरत होती. “उद्धट कार्टी,” ऑब्री म्हणाला. “नको आपल्याला.”

“नकाराचं कारण लिहावं लागतं,” मार्जरी म्हणाली. “काय लिहिशील?”

त्यानं पेन उघडलं. कारणाच्या रकान्यावर टोक टेकवलं आणि उचललं. मग ‘प्रवेश द्यावा’ असं लिहून सही केली. मार्जरीनं त्याखाली आपली सही केली. तिला जराही आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं, आणि तेच त्याला सहन होईना.

“तू ओळखलीस ही कविता?”

“आज कशाला? तेव्हाच ओळखली होती. असं कुंथून कुंथून दुसरं कोण लिहिणार, ऑब्री?”

“मग ते टिपण का लिहिलंस?”

“तू मागितलं काय होतंस?”

मार्जरीनं टेबलावरचा कागद उचलला, वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली आणि कवितेखालच्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

“अजूनही नाव घातलेलं नाहीस,” ती म्हणाली. कागद त्याच्यापुढे सरकवून ती उठली आणि पुढच्या मुलाला आत बोलवायला दाराकडे गेली.