झोळीतला वरवंटा

आरोग्य केंद्राच्या आशाताई सांगून गेल्या, की बाळाला झोळीत झोपवू नका, मान दुमडली की श्वास अडकतो. खाटेवर उताणं, सपाट झोपवा. तेव्हापासून आमचा श्रीशैल खाटेवर झोपतो आणि मी घटकेघटकेला त्याच्या नाकाखाली बोट धरतो.

रिकामी झोळी आईच्या डोळ्यांत खुपायला लागली. बारशाला पाळण्यात ठेवतात तसा तिनं झोळीत वरवंटा ठेवला. वर टोपडंही घातलं.

"आई, ह्याला डोस कधी द्यायचा?"

"गप रे मल्लेश. रिकामी झोळी चांगली नसती."

आज दुपारी श्रीशैलचा श्वास बोटाला नीट लागला, म्हणून माझी बायको शिवानी निर्धास्त भाकरी थापायला गेली. मग मी गंमत म्हणून वरवंट्याच्या टोपड्याखालीही बोट धरलं.

बोटाला ऊब लागली. थांबली. परत लागली. या वरवंट्यानं आमच्या घरात कायम लसणाची चटणी वाटलेली; पण वास दुधाचा आला.

"झोपलाय का ओ?" शिवानीनं आतून विचारलं.

"व्हय."

खाट हाताच्या अंतरावर आहे. श्रीशैल उताणा, सपाट, अगदी सांगितल्यासारखा झोपलाय. मी बोट पुढं केलंय. अजून त्याच्या नाकाखाली नेलेलं नाही.