लाज काढ

रूपी आईच्या हातात येताच किंचाळली. सात महिन्यांची पोर पाठ ताठ करून आजीकडे झेपावू लागली.

"बघ, बावीस दिवसांत विसरली तुला," सासू दक्षाबेन म्हणाल्या. "टायफॉइडनं काय ठेवलंय तुझ्या अंगात? गंजाडला आईकडे जा, दिवाळीपर्यंत राहा. पोरगी माझ्याकडे राहील."

तुळशीनं पोरीला सावरून धरलं. ओट्यावर सासरे अमृतभाई बसले होते. त्यांच्यासमोर सुनेनं बोलायचं नाही आणि तोंड दाखवायचं नाही, हा या घरचा नियम. गुजरातच्या सीमेला लागलेल्या झाई गावाच्या या टोकाला अर्धी बोली गुजराती. नोटाबंदीच्या हिवाळ्यात ती लग्न होऊन आली, तेव्हा सासू उंबऱ्यावरच म्हणाली होती, "लाज काढ." तुळशी दचकली. आल्या आल्या कुणाची अब्रू घालवायची? मग कळलं, इकडे लाज काढणं म्हणजे हनुवटीपर्यंत पदर ओढणं.

आज दवाखान्यातून आली तीही पदर ओढूनच. तिचा नवरा, नविन, पिशवी धरून गप्प उभा होता. त्याला तर घुंगटाचंही निमित्त नव्हतं.

रूपी हुंदके देत होती. पदरातून तुळशीला तिचे भ्यालेले डोळे दिसले आणि एकदम उमगलं. पोर आईला विसरलीच नव्हती. आतल्या खोलीत दूध पाजताना रोज उघडं असायचं ते तोंड तिला आज दिसतच नव्हतं. बिनतोंडाची एक मुकी बाई तिला उचलत होती. कुठलंही पोर बोंबललं असतं. तुळशीला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त या घराचा.

तिनं पदर मागे टाकला.

"रूपे, इकडे बघ," ती मोठ्यानं म्हणाली.

पोर थांबली. आधी कपाळावर केस सुरू होतात तिथं पाहिलं, मग डोळ्यांत, मग ओठांकडे. तापानं आईचे गाल बसले होते. पोरीला ओळख पटायला वेळ लागला. मग ओली मूठ आईच्या नाकावर आपटली आणि खळखळून हसली.

"भर अंगणात आमची लाज काढलीस," दक्षाबेन म्हणाल्या, या वेळी अस्सल मराठीत.

"तोंड झाक," अमृतभाई गरजले.

तुळशीनं पोरीला कडेवर घेतलं. ती ओट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दोन वर्षं तुम्हाला जेवायला वाढते, बापूजी. उद्या बाजारात मी समोर आले, तर सून म्हणून ओळखाल?"

अमृतभाईंनी तिच्याकडे पाहिलं. लग्न ठरवायला बायकाच गेल्या होत्या. हे तोंड त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

"मी गंजाडला जात नाही," तुळशी म्हणाली. "उद्यापासून अशीच वाढणार. रोज बघत चला. रूपी शिकली, तुम्हीही शिकाल."