एकच पेला

"पाळकसाहेब, तिला पेला नको. द्राक्षरस तिच्या ओंजळीत वरून ओता," मलावीतल्या त्या चर्चचे पंच कुजबुजले. महारोगातून बरी झालेली चिसोमो आज पहिल्यांदाच प्रभुभोजनाला आली होती आणि दाराशीच थांबली होती.

नगरहून पाळक नवऱ्याबरोबर सेवेला आलेल्या सुवार्ताच्या डोक्यात तिडीक गेली. गावच्या विहिरीवर तिची आजी जन्मभर अशीच पाणी प्याली होती. विटाळ नको म्हणून दुसऱ्यांनी वरून ओतलेलं.

नवरा पेला धरून घुटमळला. पहिला घोट नेहमी पाळकीणबाईंचा. सुवार्ता उठली ती थेट दाराकडे गेली. चिसोमोला हाताला धरून तिनं पुढे आणलं आणि स्वतः तिच्या मागे उभी राहिली.

"आधी ही घेईल."

"लोक उठून जातील, बाई," पंच म्हणाले.

"जाऊ देत."

चिसोमो प्याली. नवऱ्यानं सवयीनं पेला पुसायला फडकं उचललं. सुवार्तानं ते काढून घेऊन कमरेला खोचलं आणि चिसोमोचे ओठ टेकले होते तिथेच आपले ओठ टेकवले.

मग पेला पंचांपुढे धरला.

"घ्या. की तुम्हाला ओंजळीत ओतू?"