आपल्या मक्यावर पोसलेला पाणघोडा

चोबे नदीच्या पलीकडे बंदूक वाजली आणि अलीकडे कचानाच्या घशात मक्याचा घाटा अडकला.

"मारला," तो म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं. बायको लिपोंडा उजाडायच्या आतच घमेलं घेऊन शेजाऱ्यांच्या होडीतून पलीकडे गेली होती, बहिणीकडे. पलीकडे म्हणजे नामिबियात. नदी एक, पाणी एक, दोन्ही काठांवरची माणसं एकमेकांची सोयरी. पण जनावरं वाचवायच्या दोन सरकारांच्या दोन तऱ्हा. पलीकडच्या सरकारनं ठरवलं, जनावर गावाचं म्हटलं तरच गाव त्याला जपेल. म्हणून अधूनमधून एखादा पाणघोडा मारून घरोघर मटण वाटायची गावाला मुभा. अलीकडच्या, बोत्स्वानाच्या सरकारनं ठरवलं, जनावर सरकारचं. माणसानं फक्त लांबून डबे बडवायचे.

आणि आज पाळी होती कानफाट्याची, त्या फाटक्या कानाच्या पाणघोड्याची. अंधार पडला की हा कचानाच्या शेतात येणार, मका चरणार, आणि पहाटे नदी ओलांडून साडूच्या काठाला ढेकर देत लोळणार. पोसला कचानानं, आणि मांड्या सुकणार साडूच्या दोरीवर. वर साडू सिनवुला नेहमीसारखा एक तुकडा पानात बांधून पाठवणार आणि निरोप देणार, "साडूबुवांना म्हणावं, लाजू नका." मागच्या खेपेचा तुकडा कचानानं खाल्ला होता. चांगला लागला, हेच जास्त झोंबलं होतं.

तो काठावर जाऊन उभा राहिला. गोळी लागलेला पाणघोडा आधी बुडतो, मग पोट फुगलं की वर येतो. पलीकडे, जरा वरच्या अंगाला, अख्खं गाव सुऱ्या आणि घमेली घेऊन त्याची वाट बघत बसलं होतं. मधोमध साडू, नवी टोपी घालून, जणू कानफाट्याला यानंच जन्म दिला. तो काहीतरी सांगत होता आणि लिपोंडा हसत होती. घरात ती इतकं कधी हसली होती, कचानाला आठवेना.

पाणघोडा वर आला, पण वाट बघणाऱ्यांच्या समोर नाही. वाहत वाहत तो पार खाली आला होता आणि कचानाच्या समोर, भर नदीत, चारी पाय आभाळाकडे करून तरंगत होता.

कचानानं बैलाचा दोर उचलला, होडी लोटली, कानफाट्याच्या पायाला फास टाकला आणि उभ्या जन्मात वल्हवलं नव्हतं असं वल्हवलं. मारायला बंदी, हे कबूल. पण मेलेल्याला कसली बंदी?

पलीकडे गलका उठला. साडू टोपी हलवत काठाकाठानं धावत आला. "अहो साडूबुवा, आमचा आहे तो."

"मका कुणाचा खाल्लाय, ते विचार त्याला," कचाना ओरडला.

काठाला लागल्यावर त्यानं दोर झाडाला बांधला आणि त्या फुगलेल्या पोटावर थाप मारून बघितली. सगळा आपलाच मका. मग सुरी काढली, तोच वनखात्याची जीप आली. बंदूक त्यांनाही ऐकू आली होती.

जीपमधून ओबुसित्से साहेब उतरले. तरुण माणूस, कडक इस्त्री. त्यांनी आधी पाणघोडा बघितला, मग दोर, मग सुरी. सुरी खाली ठेवायला लावली आणि जनावर कुठून आणलं ते विचारलं. कचानानं छाती काढून सांगितलं, तिकडून, एकट्यानं ओढून. साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, परदेशातलं मांस परवान्याशिवाय आत आणता येत नाही, गुरांना रोग होतात.

"अहो, हा तर रोज येत होता की साहेब. तेव्हा कुणी परवाना मागितला?"

"जिवंत होता तेव्हा तो निसर्ग होता, काका," साहेब शांतपणे म्हणाले. "आता मांस आहे."

मग परत ढकलतो, कचाना म्हणाला. तेही जमण्यासारखं नव्हतं. इथल्या काठाला लागलेलं जनावर सरकारजमा, आणि सरकारी जनावर बाहेर पाठवायला वेगळा परवाना. दोन्ही देशांचे अधिकारी बसतील, काय ते ठरवतील. तोवर कुणी हात लावायचा नाही.

"तुमच्या काठाला लागलाय ना काका, मग राखणही तुमचीच," असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

पलीकडचं गाव पांगलं. लिपोंडा काही परत आली नाही. कुणा होडीवाल्याबरोबर तिनं निरोप धाडला, की ज्याला अख्खा पाणघोडा मिळालाय त्याला बायको कशाला हवी. निरोपाबरोबर रिकामं घमेलंही धाडलं.

अधिकारी काही लवकर बसले नाहीत. उन्हानं कानफाट्याचं पोट ढोलासारखं झालं, गाव नाक दाबून दुसऱ्या वाटेनं पाण्याला जायला लागलं. कचाना तोंडाला फडकं बांधून, घमेलं पालथं घालून त्यावर राखणीला बसला. समोर झाडावर गिधाडं बसली होती. वारा पलीकडून होता. मधूनच साडूच्या चुलीवरच्या भाजक्या मासळीचा वास यायचा, आणि मागोमाग लिपोंडाचं हसणं.

पाणी हललं. एक थोराड मगर वर आली, तिनं कानफाट्याची मागची तंगडी धरली, गरगर फिरली आणि तंगडी तोडून निघाली. कचाना उठला, दणादण घमेलं बडवलं. मगरीनं वळूनही बघितलं नाही. नदी ओलांडून ती सरळ साडूच्या काठाला लागली आणि तिथं निवांत खायला बसली.

"बघा," कचाना गिधाडांना म्हणाला, "मांडी शेवटी तिकडेच गेली."