वजनाला हलका

विक्रेत्याने तिसरा लॅपटॉप टेबलावर ठेवला, तेव्हा तिच्या नवऱ्याने तो दोन बोटांत उचलून पाहिला आणि त्याचा चेहरा खुलला.

"हा बघ. वहीएवढासुद्धा जड नाही."

येत्या सोमवारी तो चार महिन्यांसाठी निघणार होता. एका मासिकासाठी जुन्या कारागिरांचे फोटो काढायचे, दर दोन दिवसांनी नवं गाव, आणि त्या दिवसाचे फोटो त्याच संध्याकाळी नीट करून पाठवायचे, अशी अट होती. आजवर तो फोटो काढून घरी आणायचा आणि पुढचं सगळं ती करायची. सतरा वर्षं. घरातली मागची खोली, राखाडी रंगवलेल्या भिंती, जाड पडदे, आणि मोठ्या मॉनिटरसमोर ती. आता ते काम प्रवासातच उरकणार होतं, त्याच्या मांडीवर. "तुझीही दगदग वाचेल," असं तो म्हणाला होता, आणि ते अगदी मनापासून म्हणाला होता. म्हणून तर तिला भांडताही आलं नव्हतं. उलट गेले पंधरा दिवस ती त्याला शेजारी बसवून सगळं शिकवत होती.

लॅपटॉप निवडायला मात्र तिलाच यावं लागलं. स्क्रीनमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे त्याने दुकानात शिरताशिरताच हसत जाहीर करून टाकलं होतं.

पहिले दोन तिने पाच मिनिटांत बाजूला सारले होते. एक चार्जर काढला की मंद व्हायचा. दुसऱ्यावर मोठी फाइल उघडली, तर पंखा असा घरघरायला लागला की शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. विक्रेता आधी तिच्याकडे पाठ करून नवऱ्याशीच बोलत होता. आता तो तिच्या बाजूला येऊन उभा राहिला होता.

तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात एकच फोटो होता: खिडकीशी बसून काळा कोट शिवणारा म्हातारा शिंपी. दोन वर्षांपूर्वी तिने त्याच्यावर तीन दिवस घालवले होते. चेहऱ्यावरचा कोणता डाग उन्हाचा आणि कोणता वयाचा, हे तिला पाठ होतं.

फोटो उघडला आणि नवरा म्हणाला, "वा. काय उठून दिसतोय."

दिसत होताच. शिंप्याचे गाल तरुण माणसासारखे गुलाबी झाले होते. कोटाच्या घड्या मात्र दिसेनाशा होऊन काळ्याचा नुसता एक गोळा उरला होता. स्क्रीन सगळंच गोड करून दाखवत होता. तिला ते एका नजरेत कळलं. त्याला कळलं नाही, आणि कळणारही नव्हतं.



हा घेतला तर काय होईल, ते तिला लख्ख दिसत होतं. पहिले आठ दिवस बरे जातील. मग मासिकातून फोन येईल, माणसं अशी का दिसतायत म्हणून. तो रात्री हॉटेलात डोकं धरून बसेल आणि शेवटी तिलाच फोन करेल. फोटो पुन्हा मागच्या खोलीत येतील. त्यासाठी तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

विक्रेता वजन सांगत होता, बॅटरी किती तास चालते ते सांगत होता. नवरा मान डोलावत होता. मग तो तिच्याकडे वळला.

"तू म्हणशील तो. हा घेऊ ना?"

तिने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्याचे गुलाबी गाल तिला बघवेनात.

"नको," ती म्हणाली. "हा लाल वाढवून दाखवतो. तू याच्यावर बघून लाल कमी करत बसशील, आणि छापून येईल तेव्हा सगळी माणसं आजारी दिसतील."

नवऱ्याने नाखुशीने तो खाली ठेवला. मग तिने स्वतःच मागच्या रॅककडे बोट दाखवून एक जाडसर, न चमकणाऱ्या स्क्रीनचा लॅपटॉप काढायला लावला. चार्जर काढून पाहिला, उजेड कमी केला, बाजूने वाकून पाहिलं. शिंप्याच्या कोटाची घडी न् घडी सुटी दिसत होती, आणि गाल होते तसे, मातकट.

"हा घे. थोडा जड आहे, पण खोटं बोलणार नाही."

त्याने लगेच होकार दिला. तिच्या शब्दाबाहेर तो कधी जात नसे.

बिल छापून येईपर्यंत तिघं काउंटरपाशी उभी राहिली. विक्रेत्याने खोकं पुढे सरकवलं आणि तिला म्हणाला, "मॅडम, एवढं पारखून घेणारं गिऱ्हाईक आमच्याकडे क्वचितच येतं. तुम्हीही याच लाइनमध्ये का?"

ती बोलणार तोच नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझं सगळं एडिटिंग हीच करायची," तो कौतुकाने म्हणाला.

"अच्छा," विक्रेता म्हणाला. "मग आता काय करता?"

त्याने सहजच विचारलं होतं, बोलायचं म्हणून. नवऱ्याचा हात तिच्या खांद्यावर तसाच होता. ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली, तो काय सांगतो ते ऐकायला.