ट्रिमची लिव्हर कुठे बसवायची

"बटन नको," कौशल्याबाई म्हणाल्या. "बटन अडकते. आपलं मिक्सर नव्हतं अडकलं? चटणी छतापर्यंत गेलती."

विमानाच्या शेपटाशी उकिडवा बसलेला धीरज वेल्डर हसला. खुर्चीवरचे अण्णाजीही हसले. हसला नाही तो फक्त त्यांचा मुलगा प्रफुल. तो हसायला पुण्याहून आलाच नव्हता.

अण्णाजींनी उभा जन्म हिंगणघाटला ट्रॅक्टरचे सुटे भाग विकले आणि म्हातारपणी अल्लीपूरच्या शेतातल्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने विमान बांधलं. दोन सीटचं, एक पुढे, एक मागे. ते पुरं होतंय न होतंय तोच अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात नेला. दुसरा कोणी असता तर विमान विकून मोकळा झाला असता. पण अण्णाजी! त्यांनी नागपूरहून एक निवृत्त वैमानिक बोलावला, चाचण्या उरकून घेतल्या आणि बायकोला घेऊन उद्या वर जाणार असं जाहीर करून टाकलं.

चाचण्यांत खोट निघाली ती एकच. दोघं बसले की नाक जड व्हायचं आणि उडवणाऱ्याला सुकाणूचा दांडा सारखा पोटाशी ओढून धरावा लागायचा. गावाने लगेच 'नाकापेक्षा मोती जड' म्हणून घेतलं. यावर उपाय म्हणजे ट्रिम. शेपटाच्या हलत्या पात्याला बोटभर पट्टी लावायची, ती वाकवली की ओढायचं काम वारा करतो आणि हाताला आराम पडतो. पट्टी मोटरने हलवायची की तारेने, की पट्टीच्या भानगडीत न पडता दांड्यालाच स्प्रिंग जोडायची, यावर सकाळपासून खल चालला होता.

"मंग स्प्रिंग?" धीरजने विचारलं.

"ढिली पडते रे. शिलाई मशीनची पाह्य ना. तारच लाव. अन् लिव्हर मागच्या सीटपाशी बसव, माह्या डाव्या हाताशी."

प्रफुलला राहवलं नाही. स्कूटरवर मागे बसून आई जन्मभर 'ब्रेक मारा, ब्रेक मारा' करत आली. आता विमानातही तेच!

"आई, लिव्हर चालवणाऱ्यापाशी नको का?"

"त्यायच्या हाताले कायले तरास?" कौशल्याबाई म्हणाल्या आणि तार ताणून बघू लागल्या.

"बाबा, तुमाले चमचा धरता येत नाई," प्रफुल वडिलांकडे वळला. "दांडा कसा धरसान?"

"त्याची सोय केली हाये."

"काय सोय? ट्रिम म्हंजे काय डायवर हाये?"

"हे पाह्य, मी आता खाटेवर पडून छत मोजू का?" अण्णाजींचा आवाज चढला. "ज्याले हासायचं त्याले हासू दे. मी हे बांधलं, मी याच्यात बसन. कोण अडवते तं पाहतो."

"अन् आईले काऊन नेता?"

"तिलेच विचार."

"मी त्यायले एकटं जाऊ देईन का?" कौशल्याबाईंनी वर न बघताच म्हटलं. "अन् मी काई भेत नाई. त्या नागपूरच्या सायबानं मले मागं बसवून लय खेपा फिरवलं."

म्हणजे मिया बीबी दोघंही राजी. प्रफुलचा संताप झाला आणि संतापापेक्षा जास्त तो घाबरला. आई आणि बाप एकाच दिवशी जायचे. आईचं त्याला अधिकच वाईट वाटलं. गुडघ्यांच्या मालिशीसाठी ती गेली दोन वर्षं सारखी नागपूरला सीताबाई मावशीकडे जात होती, आणि गुडघे जरा बरे झाले तर हे!

लिव्हर बसली. दुपारी जेवून सगळे आडवे झाल्यावर प्रफुल गुपचूप शेडमध्ये शिरला. दांडे दोन्ही सीटपुढे होते, शिकवणीच्या गाडीत मास्तराच्या पायापाशीही ब्रेक असतो तसे. पुढचा दांडा एका पिनवर अडकवलेला होता. त्याने पिन ओढली, दांडा दुपट्ट्यात गुंडाळला आणि कारच्या डिकीत टाकला. मागचा राहू दिला. आईला धरायला तरी काहीतरी होईल, असं मनात येऊन तो स्वतःशीच कडवट हसला.

आता बघू कसे उडतात. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

सकाळी कौशल्याबाई सुनेचा पंजाबी ड्रेस घालून शेडकडे गेल्या. अण्णाजी त्यांच्या खांद्यावर हात टाकून पाय ओढत निघाले. प्रफुल ओट्यावर चहा घेत बसला. आता बाबांची हाक येईल, दांडा कुठे गेला म्हणून आरडाओरड होईल, मग आपण शांतपणे बोलू, असं त्याने ठरवलं होतं.

पण आला तो इंजिनाचा आवाज.

कप तिथेच टाकून तो धावला. डिकीतून दांडा काढला आणि कपाशीच्या पऱ्हाटीतून वाट काढत मुरमाच्या धावपट्टीकडे सुटला. विमान वेगात होतं. पुढच्या सीटवर अण्णाजी, डावा हात खिडकीबाहेर काढून वरातीतल्या नवरदेवासारखे सगळ्यांना दाखवत होते.

"बाबा! थांबा! दांडा माह्यापाशी हाये!"

चाकं जमिनीवरून सुटली. प्रफुल मुरमावर मटकन बसला. विमान पऱ्हाटीवरून वर चढलं, नाक जराही न झुकवता झोकात वळलं आणि शेडवरून घिरट्या घालू लागलं.

धीरज जवळ आला. त्याने प्रफुलच्या हातातला दांडा बघितला.

"तुमी काढला व्हय? बरं केलं. अण्णाजीच्या गुडघ्याले अडत होता, काकू आजच काढणार होत्या."

"अरे, मंग चालवून कोण राह्यलं?"

धीरजने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"चालवणारं माणूस ह्याच्यात मागं बसते, भाऊ."