माशांचा डबा

अलमेलुने दुधी मधोमध कापला आणि एका अर्ध्याच्या चकत्या करायला घेतल्या. साल काढायची, बिया काढायच्या, चकत्या करंगळीएवढ्या जाड. उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. मीठ नाही, फोडणी नाही. माशांना असंच लागतं, असं शेजारच्या हनुमंतमामांनी वैशाखात सांगितलं होतं.

हल्ली ती सात मिनिटं उकळत होती. माशांना सात मिनिटं लागत नाहीत. कवळी न बसवलेल्या म्हाताऱ्याला लागतात.

हनुमंतमामा एकटे राहत. राजवाड्यामागच्या त्या गल्लीत त्यांचं सोवळं सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातली कॉफीसुद्धा ते घेत नसत. हात थरथरतो, विळीवर बसवत नाही, माशांना ताजी भाजी कोण चिरून देणार, असं म्हणत ते तिच्या दारात आले होते. वेंकटराव जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. पोंगलपासून महिनाभर ती नवऱ्याच्या उशाशी हॉस्पिटलात होती आणि नंतरच्या दिवसांचं तिला फारसं काही आठवत नव्हतं. तिने हो म्हटलं. नाही म्हणायलाही बळ लागतं.

तेव्हापासून रोज साडेदहाला ती डबा ओसरीवर नेऊन देई. ते आदल्या दिवशीचा रिकामा डबा परत देत आणि बातमी सांगत. मोठ्याला पडवळ आवडलं. छोटा पालकाला तोंड लावत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी डब्याचं झाकण द्यायचं राहिलं म्हणून ती बोळातून मागच्या बाजूला गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मामा दिसले. उभ्यानेच दहीभात खात होते आणि तोंडी लावायला डब्यातली एकेक चकती उचलत होते.

ती पाय न वाजवता परतली. दुसऱ्याच्या ताटात डोकावल्याची लाज तिला दिवसभर पुरली. पण दुसऱ्या दिवशी तिने डबा काठोकाठ भरला, आणि तो देताना आपल्याला बरं वाटतंय हेही तिच्या लक्षात आलं. एवढा ताठ माणूस, आणि त्याचं गुपित आपल्या हातात. ही लाज पहिलीपेक्षा वाईट होती. ती पुरून संपत नव्हती.

एकदा मामा कुंपणाच्या भिंतीकडे बघत म्हणाले होते, चिमूटभर मीठ माशांना चालेल बहुतेक. गोड्या पाण्यातल्या माशांना मीठ. तीस वर्षं रक्ताच्या नमुन्यांतलं सोडियम मोजलेल्या अलमेलुने मान हलवली आणि घालते म्हणाली.

आज डबा देऊन ती घरी आली. उरलेल्या अर्ध्या दुधीचं कूटू गॅसवर होतंच. डाळ, खोबरं, जिरं. कापलेला दुधी रात्रभर ठेवायचा नाही, ही सासूबाईंची शिस्त होती आणि सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली तरी ती मोडली नव्हती. देवाला दाखवायच्या आधी चव बघायची नाही, ही दुसरी. नैवेद्य दाखवून ती पानावर बसली आणि पहिला घास तोंडात घातला.

कडू. कारल्यासारखं नाही, औषधासारखं.

तिने घास थुंकला, चूळ भरली, पुन्हा भरली. कडू दुधी म्हणजे काय ते तिला पुस्तकात शोधावं लागणार नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईचं रक्त लॅबमध्ये आलं होतं. कडू दुधीचा रस प्यायली होती. दोन दिवसांनी तिचा नमुना यायचा थांबला.

मामा बाराला जेवतात. घड्याळात बाराला पाच कमी होते.

ती तशीच निघाली. वीस पावलांचं अंतर, आणि त्यात तिला वाक्य ठरवायचं होतं. माशांना देऊ नका, एवढं म्हटलं की झाकली मूठ झाकलेली राहील. पण त्यांनी खाल्लं असेल, तर ते मान हलवतील, माशांनी केव्हाच संपवलं म्हणतील आणि दार लावून घेतील. तुम्ही किती खाल्लंत, असंच विचारायला हवं. दोन वाक्यांपैकी एकच सभ्य होतं. फाटकाची कडी काढताना तिने दुसरं निवडलं आणि तिचे कान तापले.

मामा पायऱ्या उतरत होते. एक चप्पल पायात, दुसरी हातात. इतक्या घाईत तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मामा, त्यातलं तुम्ही किती खाल्लंत?"

त्यांनी ऐकलंच नाही. "कूटू खाल्लंस का, अलमेलु?"

"एक घास. थुंकला. तुम्ही?"

"एक फोड. थुंकली."

ते पायरीवर बसले. मग अलमेलुने जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं. खिडकी, दहीभात, तीन आठवडे. तिने बघायला नको होतं. आणि आपण होऊन विचारायला हवं होतं. माशांचं राहू द्या, उद्यापासून मी तुमच्यासाठी नीट, सोवळ्यात भाजी करून आणते, असंही ती म्हणाली.

मामांनी हातातली चप्पल खाली ठेवली, पाय सरकवला, पट्टा नीट केला. मासे लेकीने, हरिप्रियेने, पोंगललाच चेन्नैला नेले, ते म्हणाले. टाकीसकट. तिला ते इथे ठेवायचेच नव्हते.

अलमेलुने महिने मोजले. पुन्हा मोजले.

"मग वैशाखात तुम्ही माझ्याकडे कशाला आलात?"

"शिवरात्रीपासून तुझ्या कुकरची शिटी ऐकली नव्हती," ते म्हणाले. "अर्धा दुधी माशांना दिलास, की उरलेला अर्धा तू रात्रभर ठेवणार नाहीस, एवढं मला ठाऊक होतं."